टस्कीगीच्या छत्तीस खाटा

वीणा गवाणकर यांचे 'एक होता कार्व्हर' न वाचलेला मराठी शिक्षक विरळाच. त्यामुळे अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातील टस्कीगी हे गाव आणि तेथील कृष्णवर्णीयांची शिक्षणसंस्था आपल्याला परकी नाही. फिजिओथेरपीच्या इतिहासात हेच गाव वेगळ्या कारणाने येते, आणि त्याची सुरुवातही कार्व्हरपासूनच करता येईल. पोलिओने लुळ्या पडलेल्या हातापायांना कार्व्हर शेंगदाण्याच्या तेलाने मालीश करतात, ही बातमी १९३३ मध्ये वर्तमानपत्रांत आली आणि टस्कीगीला रुग्णांची रीघ लागली. त्यांत गोरी कुटुंबेही होती. तेलात औषधी गुण नव्हता. ज्यांना बरे वाटले त्यांना ते नियमित चोळण्याने आणि हालचालीने वाटले असावे. पण एका वनस्पतिशास्त्रज्ञाच्या दारी इतके लोक का यावेत?

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतील चालक चेतापेशी मारतो. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. मात्र शेजारची जिवंत पेशी नवे फाटे फोडून पोरक्या झालेल्या काही स्नायुतंतूंचा ताबा घेते. ही उरलेली शक्ती जपून वापरायला शिकवणे हे फिजिओथेरपिस्टचे काम, आणि त्यासाठी कोणत्या स्नायूत किती जोर शिल्लक आहे हे आधी कळायला हवे. बोस्टनचे डॉ. रॉबर्ट लोव्हेट आणि त्यांच्या सहकारी विल्हेल्माइन राइट यांनी १९१० नंतरच्या दशकात स्नायुचाचणीची पद्धत बसवली. पुढे तिला शून्य ते पाच अशा गुणांचे रूप आले. टेबलाच्या कडेवर बसून रुग्णाने गुडघा पूर्ण सरळ केला, म्हणजेच गुरुत्वाकर्षणाविरुद्ध पाय उचलला, तर मांडीच्या स्नायूला तीन गुण. कुशीवर झोपून, पायाचे वजन पेलल्यावरच तो सरळ होत असेल तर दोन. हालचाल नाही, पण बोटाखाली स्नायू किंचित आवळल्याचे जाणवते, तर एक.

लिहायला हे सोपे आहे. प्रत्यक्षात कमजोर स्नायूचे काम शेजारचा स्नायू गुपचूप करून टाकतो, आणि ही लबाडी रुग्णालाही ठाऊक नसते. ती ओळखायला बोटे तयार व्हावी लागतात, आणि बोटे तयार होतात ती केवळ रुग्णाच्या अंगावर. पोहण्यासारखेच हे, पुस्तकावर येत नाही.

म्हणून रुग्णालयाच्या दारातून कोणाला आत घेतात, हा प्रश्न शिक्षणाचाही होतो. पोलिओने पाय गेलेल्या फ्रँकलिन रूझवेल्ट यांनी जॉर्जिया राज्यात वॉर्म स्प्रिंग्ज येथे १९२७ मध्ये उपचारसंस्था स्थापली. ती फिजिओथेरपीचे मोठे केंद्र बनली. तिच्यासाठी १९३४ पासून रूझवेल्ट यांच्या वाढदिवशी देशभर नृत्यसमारंभ होत व निधी जमे. कृष्णवर्णीयही पैसे देत. संस्थेत मात्र ते नोकर म्हणून दिसत, रुग्ण म्हणून नव्हे. जिथे कृष्णवर्णीय रुग्णाला खाट नव्हती, तिथे कृष्णवर्णीय विद्यार्थ्याने शिकायचे कुठे?

यावर त्या काळी एक शास्त्रीय वाटणारे उत्तर तयार होते: या लोकांना पोलिओ फारसा होतच नाही. आकडे तसे दिसतही. पण पोलिओची लागण झालेल्यांपैकी साधारण दोनशेत एकालाच लकवा येतो. बाकीच्यांची नोंद व्हायची तर आजार ओळखणारा डॉक्टर जवळपास हवा. डॉक्टर नाही म्हणून नोंद नाही, नोंद नाही म्हणून आजार नाही, आणि आजार नाही म्हणून डॉक्टर घडवण्याची गरज नाही. आपल्या विद्यार्थ्यांना चक्राकार युक्तिवाद शिकवायचा असेल तर याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही.

टीका वाढली तेव्हा पोलिओसाठीच्या राष्ट्रीय प्रतिष्ठानने १९३९ मध्ये टस्कीगीला १,६१,३५० डॉलर मंजूर केले. जानेवारी १९४१ मध्ये तेथील जॉन अँड्र्यू इस्पितळाला जोडून ३६ खाटांचे केंद्र उघडले. डॉक्टर, परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट घडवणे हाही त्याचा हेतू होता. प्रमुख होते अस्थिशल्यज्ञ डॉ. जॉन शेनॉल्ट. त्यांनी त्याच वर्षी, वंशामुळे पोलिओपासून संरक्षण मिळते ही समजूत खोडून काढणारा लेख लिहिला. केंद्र उत्तम होते. पण त्यामुळे वॉर्म स्प्रिंग्जचे दार बंद ठेवण्याची सोयही झाली, असे माझे मत आहे. शिवाय साऱ्या दक्षिणेसाठी ३६ खाटा! आणि वेगळेपणा अटळ होता असेही नाही. १९४४ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात हिकरी येथे साथ आली, तेव्हा घाईने उभारलेल्या इस्पितळात गोरी आणि काळी मुले एकत्रच ठेवली गेली.

टस्कीगीची दुसरी बाजू अधिक काळोखी आहे. सिफिलिस झालेल्या ३९९ कृष्णवर्णीय पुरुषांवर उपचार न करता रोग कसा वाढतो हे पाहण्याचा सरकारी 'अभ्यास' तेथे १९३२ पासून चालू होता. १९३३ मध्ये खास मोफत उपचार म्हणून बोलावून, याच अँड्र्यू इस्पितळात त्यांच्या पाठीच्या कण्यातून पाणी काढले गेले. पेनिसिलिन आले तरी ते त्यांना मिळू दिले नाही. हा प्रकार १९७२ मध्ये थांबला. लुळ्या मुलांना चालायला शिकवणारे इस्पितळ आणि या माणसांना फसवणारे इस्पितळ एकच.

आपल्याकडे फिजिओथेरपीचे शिक्षण पोलिओमागोमागच आले. मुंबईत साथ येऊन गेल्यावर, १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, परळच्या केईएम रुग्णालयात जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने देशातील पहिली शाळा निघाली. तेव्हापासून आपले विद्यार्थी मुख्यतः सार्वजनिक रुग्णालयांतील गरिबांच्या अंगावर हात बसवत आले. खासगी खोलीतल्या रुग्णाच्या वाट्याला विद्यार्थी क्वचितच येतात.

काही वर्षांपूर्वी एका रुग्णालयात मी एक वर्ग पाहिला. पक्षाघात झालेल्या एका बाईंचा पाय सहा विद्यार्थी ओळीने तपासत होते. "मावशी, पाय उचला" एवढेच प्रत्येक जण म्हणे. पहिल्याने तीन गुण लिहिले, पाचवीने दोन. शिक्षकांनी पाचवीला चूक ठरवले. मला वाटते तिची नोंद बरोबर होती. तोवर स्नायू थकला होता. बाईंना विचारले असते तर त्यांनीच ते सांगितले असते. सहावा मुलगा पुढे आला तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, "बाळा, अजून किती जण आहेत?"