‘त’, ‘ट’ आणि तान्हें मूल

इंग्रज गृहस्थ ‘तुम’ म्हणावयास गेला कीं तोंडून ‘टुम’सारखें कांहींतरी बाहेर पडतें आणि आपण हंसतों. दोष जिभेचा, असाच आमचाही समज होता. परंतु पुष्कळदां जीभ निरपराधी असते. इंग्रजींत या दोहोंच्या मधला एकच वर्ण असल्यामुळें त्याच्या मेंदूनें दोन्ही आवाज एकाच कप्प्यांत टाकलेले असतात.

या कप्प्यांचा शोध लागला तो एका अपयशांतून. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस न्यूयॉर्क येथील हॅस्किन्स प्रयोगशाळेंत अंधांसाठीं वाचनयंत्र करण्याची खटपट चालली होती. छापील अक्षरागणिक एकेक नाद योजावा, म्हणजे अंधास ग्रंथ ऐकतां येतील, ही कल्पना दिसण्यांत किती सरळ! पण ते नाद बोलण्याच्या वेगानें आले कीं नुसता गोंगाट माजे. मग बोललेलें मात्र त्याच वेगानें कसें उमगतें? आल्विन लिबरमन या प्रश्नामागें लागले. १९५७ सालीं त्यांनीं व सहकाऱ्यांनीं यंत्रानें ‘ब’पासून ‘ड’वरून ‘ग’पर्यंत १४ पायऱ्यांचे आवाज तयार केले. ऐकणारांस १४ आवाज ऐकूं आले नाहींत, तीन अक्षरें ऐकूं आलीं! एकाच अक्षराच्या पोटांतले भेद बहुतेक लोपले. सीमेवरचा भेद तेवढा स्पष्ट राहिला.

ही सीमा शिकून येते कीं उपजत असते? १९७१ सालीं पीटर आयमस प्रभृतींनीं एक व चार महिन्यांच्या अर्भकांच्या तोंडीं चोखणी देऊन त्यांस ‘बा’ व ‘पा’ ऐकविले. तोच तो आवाज ऐकून मूल कंटाळे व चोखणें मंदावे. सीमेपलीकडचा आवाज येतांच पुन्हां जोर चढे.

१९८४ सालीं व्हँकूवर येथें जेनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनीं हिंदींतील दंत्य ‘त’ व मूर्धन्य ‘ट’ घेतले. आपल्या शिक्षाकारांनीं दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीं जिभेच्या स्थानावरून वेगळे केलेले तेच हे वर्ण. इंग्रजी घरांतील सहा ते आठ महिन्यांचीं मुलें हा भेद ओळखीत. दहा-बारा महिन्यांचीं झालीं कीं बहुतेकांस तो ओळखेना. हिंदी घरांतील त्या वयाच्या मुलांत शक्ति शाबूत होती. ज्ञानतंतू मात्र मेलेले नसतात. दोन्ही आवाज अगदीं लागोपाठ आले तर इंग्रजीभाषी प्रौढासही कांहीं फरक जाणवतो, हें १९८५ सालीं दिसून आलें.

त्याच प्रयोगांत ब्रिटिश कोलंबियांतील मूळ रहिवाशांच्या एका भाषेंतले, कंठांतून व पडजिभेजवळून निघणारे, दोन वर्णही होते. आम्हांस ते दोन्ही ‘क’च वाटावयाचे, आणि तेथील एखादी आजीबाई आमचा उच्चार ऐकून हंसावयाची.