बांधाचे भांडण आणि तीन सरकारे

नागरिकशास्त्र हा शाळेतला सर्वांत दुर्लक्षित विषय. इतिहासाच्या पुस्तकाला शेपटासारखा जोडलेला. शिवाजी महाराजांचा धडा असला की मुले रंगून ऐकायची आणि 'जिल्हाधिकाऱ्याची कामे' आली की खिडकीबाहेर बघायला लागायची. कायदेमंडळ कायदे करते, कार्यकारी मंडळ ते राबवते, न्यायमंडळ न्याय देते... पाठ करायचे, पेपरात लिहायचे आणि विसरून जायचे. मुलांना तरी काय दोष द्यायचा? पुस्तकातले सरकार दिल्ली-मुंबईत राहते. गावातल्या माणसाला सरकार भेटते ते सातबाऱ्याच्या उताऱ्यावर, नाहीतर बांधाच्या भांडणात.

खरे तर सरकार म्हणजे काय हे समजून घ्यायला आमच्या कडेगावच्या परिसरासारखी जागा सापडणार नाही. १९४३ ते १९४६ या काळात या भागात, चालत जाता येईल एवढ्या अंतरावर, एकाच वेळी तीन सरकारे होती! घरातल्या नातवंडांना हे सांगितले तर त्यांना खरे वाटत नाही. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिले सरकार इंग्रजांचे. तेव्हा सातारा जिल्हा फार मोठा होता. आजच्या सांगली जिल्ह्याचा बराचसा भाग त्यातच होता. १९४९ साली त्याचे दोन तुकडे झाले, उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा. दक्षिण साताऱ्याला १९६० साली सांगली हे नाव मिळाले. कडेगाव खानापूर तालुक्यात होते आणि मामलेदार कचेरी विट्याला. वर कलेक्टर, त्याखाली प्रांत, मग मामलेदार, सर्कल, तलाठी आणि गावात वतनदार पाटील. 'कलेक्टर' या शब्दाचा अर्थच मुळी गोळा करणारा! ही सगळी उतरंड रचली होती ती शेतसारा वरपर्यंत पोहोचवण्यासाठी. पैसा खालून वर जायचा आणि हुकूम वरून खाली यायचा. बांध कोरला म्हणून तक्रार करायची तर तालुक्याला खेटे घाला, वकील धरा, तारखा मोजा. निकाल लागेपर्यंत भांडणारे म्हातारे व्हायचे.

दुसरे सरकार औंध संस्थानाचे. संस्थान छोटेसे, बहात्तर गावांचे, तेही सलग नाही. औंध एकीकडे, आटपाडी दुसरीकडे आणि आमच्या जवळचे कुंडल तिसरीकडे. किर्लोस्करवाडी उभी राहिली तीही औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर. राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी चित्रकार होते, सूर्यनमस्काराचे मोठे प्रचारक होते. त्यांनी जानेवारी १९३९ मध्ये आपल्या हातातली सत्ता प्रजेला देऊन टाकली. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर यांनी गांधीजींचा सल्ला घेऊन राज्यघटना तयार केली होती. गावाने पाच पंच निवडायचे, पंचायतींच्या प्रमुखांतून तालुका समिती आणि तिथून वर राज्याचे विधिमंडळ. म्हणजे इमारत पायापासून वर बांधायची. गावचे तंटे गावातच पंचांसमोर निघायचे. आटपाडीजवळ 'स्वतंत्रपूर' नावाची कैद्यांची खुली वसाहत काढली तीही याच काळात. शांतारामबापूंच्या 'दो आंखें बारह हाथ' या चित्रपटाची कल्पना तिथलीच.

तिसरे सरकार आपल्या सगळ्यांना ऐकून माहीत असलेले, क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार. गंमत बघा, नाना पाटील आधी तलाठी होते! इंग्रजांच्या उतरंडीतली शेवटची पायरी त्यांनी आतून पाहिली होती. १९३० च्या चळवळीत त्यांनी ती नोकरी सोडली. १९४२ च्या सप्टेंबरात तालुक्यांच्या कचेऱ्यांवर मोर्चे निघाले, वडूजला आणि इस्लामपूरला गोळीबार झाला, माणसे गेली. नुसत्या मोर्चाने कचेरी हलत नाही हे लोकांना कळले. मग भूमिगत कार्यकर्त्यांनी निराळाच मार्ग धरला. कचेरीकडे जायचेच नाही, तिची कामे आपणच करायची! गावोगाव न्यायदान मंडळे निघाली. बांधाची, वाटणीची, सावकारीची भांडणे तिथे मिटू लागली. दारूबंदी, कमी खर्चाची गांधी पद्धतीची लग्ने, टंचाईत धान्याची व्यवस्था, गुंडांचा बंदोबस्त ही सगळी कामे सुरू झाली. संरक्षणासाठी कुंडलच्या जी. डी. बापू लाडांची तुफान सेना होती. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा काढून घेतला तो याच मंडळींनी. कुंडल औंधच्या हद्दीत. हद्द ओलांडली की इंग्रजांच्या पोलिसांचा अंमल बदलायचा, हेही भूमिगतांच्या पथ्यावर पडले.

अशी सरकारे देशात आणखीही झाली. उत्तर प्रदेशात बलियाला १९४२ च्या ऑगस्टमध्ये झाले, ते काही दिवसच टिकले. बंगालमध्ये तमलुकला डिसेंबर १९४२ मध्ये झाले, ते १९४४ पर्यंत चालले. आपले मात्र १९४६ पर्यंत टिकले. का टिकले? माझ्या मते बंदुकीमुळे नाही. बंदुका इंग्रजांकडे कितीतरी जास्त होत्या. ते टिकले कारण इथे बांधाचे भांडण मिटत होते. ज्याच्याकडे लोक भांडण घेऊन जातात तेच त्यांचे सरकार, मग पाटी कुणाचीही असो.

आता मूळ मुद्द्यावर येतो. हल्ली चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, एवढेच काय आमच्या घरातसुद्धा, पेपरातली एखादी वाईट बातमी वाचून कुणीतरी म्हणतेच, "आता पुन्हा पत्रीसरकार पाहिजे! पायाला पत्र्या ठोकल्याशिवाय हे सुधारायचे नाहीत." बोलणाऱ्याचा संताप मला समजतो. पण अशा वेळी मला गप्प बसवत नाही.

एक तर पत्री ठोकण्याची कथा बरीचशी ऐकीव आहे. गुंडाला, खबऱ्याला धडा शिकवायचा तो तळपायावर काठीचे फटके मारून. 'प्रति'चे 'पत्री' झाले आणि त्या नावाचा धाक पसरला. पण ते बाजूला ठेवू. फटके तर होतेच, आणि इथेच नागरिकशास्त्राचा तो रटाळ धडा उपयोगी पडतो. पकडणारा, निवाडा करणारा आणि शिक्षा देणारा एकाच गटाचा असला तर चुकून निरपराध माणसाला फटके बसले तेव्हा त्याने कुणाकडे जायचे? जप्ती-वॉरंटच्या दिवसांत, जिवावर उदार झालेल्या माणसांना दुसरा इलाज नव्हता हे मान्य. त्यांच्या त्यागापुढे मी हात जोडतो. पण त्यांचा नाइलाज तो आपला आदर्श होऊ शकत नाही.

आणि हे त्या मंडळींनाही पुरते ठाऊक असावे. कारण १९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे निवडून आलेले मंत्रिमंडळ आले आणि प्रतिसरकारचे काम थांबले. एवढी गावे मुठीत असताना कुणी गढी बांधून बसले नाही. नाना पाटील पुढे मते मागायला लोकांच्या दारात गेले. १९५७ साली उत्तर साताऱ्यातून आणि १९६७ साली बीडमधून ते लोकसभेवर निवडून गेले. टपरीवर फटके सगळ्यांना आठवतात, हे मात्र कुणाला आठवत नाही.

औंध १९४८ साली विलीन झाले. पण गावापासून वर जाणाऱ्या सत्तेची कल्पना संपली नाही. याच कडेगाव तालुक्यातल्या देवराष्ट्रे गावी जन्मलेले यशवंतराव मुख्यमंत्री असताना १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या. गावातल्या न्यायाची वाट मात्र अडखळतच राहिली. १९५८ च्या ग्रामपंचायत कायद्यात न्यायपंचायती होत्या, त्या पुढे काढून टाकल्या. २००७ साली आपल्याच जिल्ह्यातल्या अंजनीचे आर. आर. आबा गृहमंत्री असताना तंटामुक्त गाव मोहीम निघाली. काही गावांत ती मनापासून झाली, काही गावांत बक्षिसाच्या पाटीपुरती.

असो. कडेगावला आता नगरपंचायत आहे, पण आसपासच्या गावांत ग्रामसभा होतात. तिथे किती खुर्च्या रिकाम्या असतात ते एकदा जाऊन बघा. पत्रीसरकार पाहिजे म्हणणाऱ्या माझ्या नातलगांना माझे एवढेच सांगणे आहे की पुढच्या ग्रामसभेला जा आणि पाणीपट्टीचा हिशेब मागा. त्याला काठी लागत नाही, दोन तास वेळ लागतो.