फ्लशिंग आणि ॲडिटिव्ह: इंजिन ऑइलची वाटचाल

तेल बदलण्याआधी इंजिन आतून धुऊन घेण्याची, म्हणजे फ्लशिंगची, पद्धत निव्वळ खनिज तेलाच्या काळात रुजली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारीच्या इंजिन ऑइलमध्ये सहसा कोणतेही रसायन मिसळलेले नसे. तापून ते आम्लयुक्त होई, त्यात काजळी, पाणी आणि न जळलेले पेट्रोल उतरे आणि इंजिनाच्या ऑइल चेंबरच्या तळाशी काळा, चिकट गाळ बसे. अमेरिकेत 1923 मध्ये अर्नेस्ट स्वीटलँड यांनी मोटारीसाठी ऑइल फिल्टर तयार केला. पण तळाला बसलेला गाळ फिल्टरपर्यंत पोहोचतच नसे. म्हणून जुने तेल काढल्यावर पातळ फ्लशिंग ऑइल किंवा रॉकेल मिसळलेले तेल भरायचे, इंजिन काही मिनिटे मंद चालवायचे, ते काढून टाकायचे आणि मग नवे तेल घालायचे, असा रिवाज पडला.

तेलातच सुधारणा घडली ती डिझेलमुळे. कॅटरपिलर कंपनीने 1931 मध्ये डिझेल ट्रॅक्टर विक्रीस आणला. डिझेल इंजिनाच्या उष्णतेत साधे तेल पिस्टनच्या खाचांत करपून घट्ट होई, रिंगा त्यात अडकत आणि कॉम्प्रेशन जाई. त्यावर 1935 मध्ये स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्नियाने डिटर्जंट मिसळलेले तेल बाजारात आणले. हा डिटर्जंट साबणासारखे काम करतो: कार्बनचे कण धातूला चिकटू न देता तेलात तरंगते ठेवतो. असे तेल लवकर काळे पडते. ते खराब झाल्याचे नव्हे, तर काम करत असल्याचे लक्षण असते.

1940 च्या दशकात झिंक आणि फॉस्फरसयुक्त झेडडीडीपी हे रसायन आले. बेअरिंगे गंजू नयेत म्हणून वापरलेले हे रसायन झीजही रोखते, हे नंतर ध्यानात आले. पुढे गाळाचे कण विखुरते ठेवणारी डिस्पर्संट आली. आज इंजिन ऑइलमध्ये साधारण 10 ते 25 टक्के भाग अशा मिसळलेल्या रसायनांचा, म्हणजे ॲडिटिव्हचाच असतो.

तेलात वरून घालायच्या ॲडिटिव्हच्या बाटल्यांचा धंदाही त्या दशकांत वाढला. अमेरिकेत 1954 मध्ये एसटीपी हे असे ॲडिटिव्ह आले. तेल कमी जळते, या त्याच्या दाव्यावरून तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने 1978 मध्ये पाच लाख डॉलरचा दंड वसूल केला. टेफ्लॉनच्या जातीचा पदार्थ असलेल्या स्लिक 50 लाही इंजिनाची झीज घटते हे दावे 1997 च्या तडजोडीत थांबवावे लागले.

ॲडिटिव्हच्या जादा मात्रेने अपायही होतो. झेडडीडीपीतल्या फॉस्फरसमुळे धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी होऊ लागतो. म्हणूनच इंजिन ऑइलच्या दर्जासाठीच्या 2004 च्या एपीआय एसएम श्रेणीत नेहमीच्या पातळ ग्रेडच्या तेलांमधील फॉस्फरसवर 0.08 टक्क्यांची मर्यादा आली. फ्लशिंगमध्ये धोका वेगळा असतो. दुर्लक्षित इंजिनातला जुना गाळ एकदम सुटला, तर ऑइल पंपाची जाळी तुंबते आणि बेअरिंगांना तेल मिळत नाही. शिवाय आत उरलेले फ्लशिंग ऑइल नव्या तेलाला पातळ करते.

पेट्रोलमध्ये घालायच्या पॉलिइथरअमाइन क्लीनरची बाब निराळी आहे. ते इंजेक्टरवरील साका खरोखर काढते. इंजिन ऑइलपुरते मात्र, उत्पादकाने सांगितलेल्या श्रेणीचे तेल आणि फिल्टर वेळेवर बदलले, तर फ्लशिंगची किंवा वेगळ्या बाटलीची गरज राहत नाही. ज्या कामासाठी फ्लशिंग सुरू झाले, ते काम आता तेल स्वतःच करते.