उभ्या मक्यातील हरणांची शिकार

उभ्या मक्यातील हरणांची शिकार म्हणजे अमेरिकेच्या मध्यपश्चिम भागात हंगामाच्या अखेरीस, साधारणतः डिसेंबर व जानेवारीत, न कापलेल्या मक्याच्या शेतांभोवती केली जाणारी पांढऱ्या शेपटीच्या हरणाची शिकार होय. आयोवा, इलिनॉय, विस्कॉन्सिन, मिनेसोटा आणि नेब्रास्का ही मका पिकवणारी राज्ये तिचे मुख्य क्षेत्र आहेत. पांढऱ्या शेपटीचे हरीण (शास्त्रीय नाव: ओडोकॉइलियस व्हर्जिनियानस) हे चितळ व सांबर यांच्याप्रमाणे सारंग कुळातील असून त्याच्या नराची शिंगे दरवर्षी गळून पुन्हा येतात. काळवीट हे कुरंग असल्याने त्याच्याशी या हरणाचे नाते दूरचे आहे.

पीक उभे राहण्याची कारणे

या भागात मका एप्रिल-मे महिन्यांत पेरला जातो आणि त्याची कापणी सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात होते. त्यानंतरही पीक उभे राहिल्यास त्यामागे बहुधा हवामान असते. शरद ऋतूतील पाऊस लांबला की जमीन भिजून कापणीचे अवजड यंत्र शेतात उतरू शकत नाही. दाण्यातील ओलावाही साठवणुकीस योग्य अशा सुमारे १५ टक्क्यांपर्यंत खाली येत नाही आणि दाणे यंत्राने वाळवायचे तर इंधनाचा खर्च वाढतो. २०१९ मध्ये नॉर्थ डकोटात अशाच कारणांमुळे मक्याचे मोठे क्षेत्र हिवाळ्यातही उभे राहिले होते. याखेरीज काही जमीनमालक वन्यप्राण्यांसाठी किंवा शिकारीसाठी शेताचा एखादा तुकडा मुद्दाम राखून ठेवतात.

हिवाळ्यातील वर्तन

हरणांच्या माजाचा काळ नोव्हेंबरमध्ये ऐन भरात असतो. या दिवसांत नर माद्यांच्या मागे धावत राहतात, फारसे खात नाहीत आणि आपल्या वजनाचा पाचवा हिस्सा किंवा त्याहूनही अधिक गमावतात. पुढील थंडी निभावण्यासाठी त्यांना पिष्टमय अन्नाची गरज असते. कापलेल्या शेतात सांडलेले दाणे बर्फाखाली गाडले जातात; उभ्या ताटांवरील कणसे मात्र हरणाच्या तोंडाच्या उंचीवर राहतात. त्यामुळे बर्फ जितका दाट, तितकी आसपासची हरणे अशा शेताकडे अधिक ओढली जातात.

मात्र हेच शेत हरणाला आडोसाही देते. दोन मीटरांहून उंच मक्यात शिरलेले हरीण पन्नास पावलांवरूनही दिसत नाही आणि शिकारीचा दबाव वाढल्यास दिवसभर आतच बसून राहते. नोव्हेंबरातील बंदुकीच्या हंगामात बरेच पीक उभे असेल तर शिकार कमी साधते, हा तेथील नेहमीचा अनुभव आहे. पुढे थंडीने पाने झडून ओळी विरळ झाल्या की हरणे दिवसा दक्षिणाभिमुख उतारांवर, सूचिपर्णी झाडीत किंवा पाणकणसाच्या दलदलीत बसतात आणि संध्याकाळी मक्याकडे निघतात. कडाक्याच्या थंडीत ती सूर्यास्तापूर्वीच बाहेर पडतात. हिमवादळाच्या आधीची दुपार आणि ते शमल्यानंतरचा दिवस हे म्हणूनच अनुकूल मानले जातात.

शिकारीच्या पद्धती

सर्वाधिक रूढ पद्धत शेताच्या कडेला दबा धरून बसण्याची आहे. बसण्याची जागा आणि मक्याचे शेत यांदरम्यानची हरणांची वाट बर्फातील ठशांवरून ओळखून तिच्या कडेला मचाण किंवा आडोसा उभारला जातो. वारा हरणांच्या वाटेकडून शिकाऱ्याकडे वाहणे आवश्यक असते. संध्याकाळी गार झालेली हवा उताराने खाली सरकते, त्यामुळे दुपारी निर्धोक वाटलेली जागा अंधार पडताना गंध पसरवू शकते.

या पद्धतीत जागेवर पोहोचण्यापेक्षा तेथून परतणे अवघड असते. प्रकाश मावळतो तेव्हा समोरच्या शेतात हरणे चरत असतात. शिकारी मचाणावरून उतरताना त्यांना दिसला तर कळप उधळतो आणि असे दोन-तीनदा घडल्यास हरणे रात्रीखेरीज शेतात येत नाहीत. यावर प्रचलित उपाय असा, की शेतमालक किंवा सोबती ट्रॅक्टर घेऊन शेतापर्यंत येतो. शेतीच्या वाहनांना सरावलेली हरणे त्याच्या आवाजाने बाजूला होतात, पण त्यांचा संबंध माणसाच्या दबा धरण्याशी जोडत नाहीत. अनुभवी शिकारी चांगली जागा रोज न वापरता वारा व थंडी जुळण्याची वाट पाहतात.

दुसरी पद्धत धनुर्धारी शिकाऱ्यांची आहे. जोराचा वारा वाहत असताना सुकलेली पाने इतकी सळसळतात की पावलांचा आवाज त्यात लपतो. अशा दिवशी शिकारी वाऱ्याकडे तोंड ठेवून ओळी आडव्या ओलांडत जातो. ओळींमधील अंतर बहुधा ७६ सेंटीमीटर असते; प्रत्येक ओळीपाशी थांबून, ताटांमधून डोके किंचित पुढे काढून तो दोन्ही बाजूंना पाहतो आणि मगच पुढे सरकतो. एकच मोठे शेत असे पाहण्यास अनेक तास लागतात.

तिसरी पद्धत हाक्याची. काही जण ओळींमधून चालत हरणे पुढे काढतात व इतर जण टोकाला थांबतात. यात हाकारे बंदुकीच्या टप्प्यात असूनही दिसत नसल्याने ही सर्वांत धोकादायक पद्धत ठरते. मक्याच्या दिशेने गोळी न झाडणे आणि हरीण शेताबाहेर पडून हाकाऱ्यांच्या रेषेपासून दूर गेल्यावरच नेम धरणे, हा तिचा मूलभूत नियम आहे. बंदुकीच्या हंगामात भडक नारिंगी पोशाख बहुतेक राज्यांत सक्तीचा असतो. विस्कॉन्सिनमध्ये २०१६ पासून भडक गुलाबी रंगही चालतो.

डिसेंबरअखेरीपासून काही नरांची शिंगे गळू लागतात व दुरून ते मादीसारखे दिसतात. मादीचा परवाना वापरणाऱ्याला म्हणून डोक्याचा आकार आणि शिंगांच्या जागेवरील खुणा निरखाव्या लागतात.

कायदा व रोगनियंत्रण

हंगाम, शस्त्रे व परवाने प्रत्येक राज्य ठरवते. आयोवात ठासणीच्या बंदुकीचा उत्तर-हंगाम डिसेंबरच्या उत्तरार्धापासून १० जानेवारीपर्यंत चालतो आणि सूर्योदयापूर्वी अर्धा तास ते सूर्यास्तानंतर अर्धा तास एवढ्याच वेळेत शिकारीस मुभा असते. तेथे हरणांसाठी आमिष टाकण्यास मनाई आहे. जागेवर पिकवून उभे ठेवलेले पीक आमिष ठरत नाही. कापलेले दाणे आणून पसरणे मात्र गुन्हा आहे. हा फरक केवळ तांत्रिक नाही. धान्याचा ढीग अचानक खाल्ल्यास रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात आम्लता वाढून तो मरू शकतो. शिवाय एकाच ढिगावर तोंडे लागल्याने रोग पसरतो.

यांतील सर्वांत चिंतेचा रोग म्हणजे प्रायॉनमुळे होणारा दीर्घकालीन क्षयरोग. १९६७ मध्ये कोलोराडोत बंदिस्त हरणांमध्ये तो प्रथम आढळला, २००२ मध्ये विस्कॉन्सिनमधील रानटी हरणांत त्याची नोंद झाली. क्षयरोग म्हटले जात असले तरी माणसातील जिवाणूजन्य क्षयाशी त्याचा संबंध नाही. त्यावर उपचार नाही. माणसाला त्याची लागण झाल्याचे सिद्ध झालेले नसले, तरी बाधित भागातील हरणाची तपासणी करून अहवाल येईपर्यंत मांस न खाण्याचा आणि बाधित आढळल्यास ते टाकून देण्याचा सल्ला आरोग्य यंत्रणा देतात.