पालक सभेतली आपली खुर्ची: धारवाड १८५६ ते बदलापूर २०२४

शाळेतल्या सुरक्षिततेचा विषय निघाला की आपल्यातले बरेच कार्यकर्ते गप्प बसतात. कॅमेरे, वॉचमन, स्कूल बस हा सगळा पैसेवाल्या पालकांचा मामला आहे, असा आपला समज आहे. इतिहासात डोकावले की हा समज टिकत नाही. १८४८ पासून पुण्यात शाळेत शिकवायला जाताना सावित्रीमाईंच्या अंगावर शेण आणि चिखल फेकला जाई, म्हणून त्या एक जादा लुगडे सोबत नेत. साताऱ्याच्या शाळेत छोटा भीमराव घरून आणलेल्या गोणपाटावर बसे, आणि शिपाई आला नाही तर दिवसभर तहानलेला राही. शाळेत मूल सुरक्षित आहे का, हा प्रश्न आपल्या घरात तेव्हापासूनचा आहे.

मग त्याचे उत्तर कोण ठरवत होते? जून १८५६ मध्ये धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. सरकारने तो नाकारला. एकाला घेतले तर बाकीचे शाळा सोडतील आणि बहुसंख्यांसाठी शाळाच निरुपयोगी होईल, असा युक्तिवाद होता. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेचे निवेदन मांडताना बाबासाहेबांनी हे प्रकरण मुद्दाम नोंदवले. पालक-शिक्षक संघ नावाची वस्तू तेव्हा नव्हती, पण सवर्ण पालकांच्या नाराजीचे वजन होते आणि सरकारचे धोरण त्या वजनाने वाकत होते. ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. त्यात पाणवठ्यांबरोबर सार्वजनिक शाळाही होत्या. पण ठरावाने दार उघडले तरी वर्गात कोण कुठे बसणार, हे गावच ठरवत राहिले.

आज कायद्याने आपल्याला त्या सभेत खुर्ची दिली आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २१ नुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, आणि वंचित घटकांतल्या मुलांच्या पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व हवे. खासगी शाळांसाठी राज्याचा २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. त्यानुसार शाळेतल्या प्रत्येक मुलाचा पालक हा पालक-शिक्षक संघाचा सभासद असतो आणि कार्यकारी समितीवरचे पालक चिठ्ठी टाकून निवडले जातात. हा कायदा फीसाठी आला, सुरक्षिततेसाठी नव्हे, हे खरे. पण सभा तीच असते, माणसे तीच असतात. आणि चिठ्ठीला आडनाव कळत नाही.

खुर्ची रिकामी राहिली की काय होते, ते बदलापूरने दाखवले. ऑगस्ट २०२४ मध्ये तिथल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले. गुन्हा नोंदवायला दिरंगाई झाली. २० ऑगस्टला लोक रुळावर उतरले आणि मध्य रेल्वे तासन्‌तास थांबली. घाटकोपर, मुलुंडच्या फलाटांवर खोळंबलेल्यांत आपलेही लोक होते. दुसऱ्याच दिवशी शासन निर्णय निघाला: महिनाभरात सीसीटीव्ही, नेमणुकीआधी कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी, सखी सावित्री समिती, घटना कळल्यापासून २४ तासांत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणे. २२ तारखेला उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि जनक्षोभ झाल्याशिवाय यंत्रणा हलत नाही का, असे सुनावले.

गंमत पाहा, सखी सावित्री समितीचा शासन निर्णय १० मार्च २०२२ चाच आहे. दोन वर्षे माईंचे नाव कागदावर होते. पालकांनी दर तिमाहीला एकच प्रश्न विचारला असता, की या समितीची शेवटची बैठक कधी झाली, तर निदान किती शाळांत समितीच नाही हे तरी वेळेत कळले असते.

कॅमेऱ्यावर विसंबणाऱ्यांनीही एक आठवावे. बदलापूरच्या त्या शाळेतले पंधरा दिवसांचे चित्रण सापडत नसल्याचे तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनीच सांगितले होते.

आता आपल्या लोकांना टोचणारी गोष्ट. आरोपी कंत्राटी सफाई कर्मचारी होता. त्यानंतर पालकांच्या बोलण्यात ‘हे असले लोक’ हा शब्दप्रयोग सहज येऊ लागला. झाडू मारणारे, शौचालये धुणारे, बसमधली मावशी, हे बहुतेक आपलेच. पडताळणी झालीच पाहिजे, पण ती विश्वस्तापासून शिपायापर्यंत सगळ्यांची. घटना दडपणे हाही पॉक्सोच्या कलम २१ खाली गुन्हा आहे, आणि संस्थाप्रमुखाला त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सफाई कामगाराची झडती घेणाऱ्या धोरणात हे कलम सहसा लिहिलेले नसते. तो आरोपी २३ सप्टेंबरला पोलिसांच्या गोळीने मेला, लोकांनी पेढे वाटले. खटला झाला असता तर शाळेत कोणाला काय माहीत होते ते साक्षीपुराव्यात बाहेर आले असते. संविधान मानणाऱ्यांना त्या पेढ्यांची चव लागू नये.

त्याच वर्षी ९ फेब्रुवारीच्या अधिसूचनेने सरकारने खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांतून आपली मुले बाहेर काढू पाहिली होती. १९ जुलैला उच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंधेरी, बोरिवलीच्या शाळांत त्या जागांवर मुले आहेत, म्हणजे त्यांचे आईबापही संघाचे सभासद आहेत. ते सभेला का येत नाहीत? घाटकोपरच्या एका ताईंना आम्ही विचारले. चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. सभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला, सूचना इंग्रजीत, तीही व्हॉट्सॲपवर. एक खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार. आम्ही दोघीतिघींच्या सह्यांनी मुख्याध्यापकांना मराठीत अर्ज लिहिला: सभा रविवारी घ्या, सूचना मराठीत द्या. पोच घेतली. पहिल्या रविवारी ताईंनी शौचालयाच्या कडीचा विषय काढला. मुलींच्या शौचालयाला आतून कडीच नव्हती, आणि मुली दिवसभर पाणी पीत नव्हत्या. कॅमेऱ्यांच्या निविदेवर तासभर बोललेल्या सभेत हे कोणाला माहीत नव्हते. कडी त्याच आठवड्यात बसली. समितीच्या बैठकीची तारीख अजून मागतो आहोत.