दोष एकटीचा कसा?

भ्रूणहत्येच्या पापावर शास्त्रीबुवांपासून वकिलांपर्यंत पुष्कळांनी काथ्याकूट केला आहे. मला मात्र आमच्या पुसेगावाहून वऱ्हाडात शिरले की फारसे परके न वाटणाऱ्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचा सवाल अधिक मोलाचा वाटतो. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली; पुढे ती सौम्य झाली. अर्भकहत्या निराळी, गर्भपात निराळा हे खरे. पण विधवेची कोंडी दोन्हीकडे तीच! काही वर्तमानपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीवर आग पाखडली, तेव्हा ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ छापली. पुनर्विवाहाची वाट तुम्ही अडवायची, फसवायचे पुरुषाने, मग दोष एकटीचा कसा?

जोतीराव-सावित्रीबाईंनी वाद न घालता १८६३ मध्येच पुण्यात अशा विधवांच्या बाळंतपणासाठी घर उघडले होते. एका विधवेचा मुलगा यशवंत त्यांनी पुढे दत्तक घेतला. याहून मोठा युक्तिवाद मला ठाऊक नाही.

१८६० च्या दंडसंहितेने आईचा जीव वाचवण्याखेरीज गर्भपात गुन्हा ठरवला होता. १९७१ च्या कायद्याने ही वाट रुंदावली. तरी संततिनियमनाचे साधन फसले, हे कारण त्यात विवाहितेलाच सांगता येई. विजयालक्ष्मीसारख्या विधवेला ते सांगता यायला २०२१ साल उजाडले.