मेळघाटातील वणवे

अमरावती जिल्ह्याच्या उत्तरेकडील सातपुड्याच्या गाविलगड रांगांत आणि लगतच्या अकोल्यातील नरनाळा परिसरात उन्हाळ्यात लागणाऱ्या आगी. येथील जंगल शुष्क पानझडीचे, सागवानप्रधान. मार्चपर्यंत सागाची रुंद पाने गळून जमिनीवर जाड पाचोळा साचतो, गवत वाळते. पायथ्याच्या अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. आग बहुधा जमिनीलगतच धावते, पण चढावर तिचा वेग वाढतो, कारण ज्वाळांची धग वरचे गवत आधीच तापवून ठेवते. रोपटी, जमिनीवरची घरटी आणि सरपटणारे प्राणी तिला प्रथम बळी पडतात.

बहुतेक वणवे मानवनिर्मित असतात: मोहफुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाचोळा जाळणे, तेंदूला नवी पालवी यावी म्हणून आग लावणे, विझवायची राहिलेली विडी. मात्र त्यांचा दोष येथील कोरकू आदिवासींवर सरसकट ढकलणे अन्यायाचे आहे. आग विझवायला डोंगर चढणाऱ्यांत तेच पुढे असतात. १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प असलेल्या या क्षेत्रात वनविभाग हंगामापूर्वी जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढतो. उपग्रहाद्वारे आगीच्या सूचनाही मिळतात. तरी दुर्गम दऱ्यांत हिरव्या फांद्यांनी झोडपूनच आग विझवावी लागते. राखीव वनात आग लावणे भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे.